जोसी कोणाची?

अमेरिकी कॉमिक्स-चित्रकार डॅन डीकार्लो यांनी २००० साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा लावला तेव्हा त्यांच्या वयाला ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. दावा आर्ची कॉमिक पब्लिकेशन्सवर होता, म्हणजे ज्या कंपनीची पानं ते चाळीसहून अधिक वर्षं काढत आले होते तिच्यावरच. म्हणणं थोडक्यात असं, की जोसी नावाची जी कॉमिक्समधली मुलगी तुम्ही आता सिनेमात घेऊन निघाला आहात ती माझ्या टेबलावर जन्मली, तुमच्या नाही.

कंपनीनं दोन गोष्टी केल्या. वकील दिला, आणि डीकार्लोंना काम देणं बंद केलं.

उपयोजित कला शिकणाऱ्या मुलांपुढे मी हे प्रकरण दरवर्षी मांडतो. वर्ग सुरू होताना झाडून सगळे म्हाताऱ्याच्या बाजूनं असतात. तासाभरानं अर्ध्यांचे चेहरे पडलेले असतात, कारण दोष नेमका कुणाच्या पदरात टाकायचा हे सांगता येत नाही. मलाही पूर्ण येत नाही. पण नक्की कुठे गाडी रुळावरून घसरली ते दाखवता येतं, आणि ते कोर्टात घडलेलं नाही.

आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात गल्लीतल्या लायब्ररीतून रोजच्या भाड्यानं आर्चीची जाडजूड डायजेस्ट आणणाऱ्या सगळ्यांनी डीकार्लोंचा हात पाहिलेला आहे. नाव बहुतेकांना माहीत नसतं. जुनं डायजेस्ट माळ्यावर सापडलं तर एक करून बघा. आर्चीच्या दोन मैत्रिणी, बेट्टी आणि व्हेरोनिका, शेजारीशेजारी उभ्या आहेत अशी चौकट शोधा आणि दोघींच्या केसांवर अंगठे ठेवा. खाली एकच चेहरा उरतो. तेच टपोरे डोळे, नाकाच्या जागी जेमतेम एक फटकारा, तीच जिवणी. पिवळी पोनीटेल लावली की बेट्टी, काळेभोर मोकळे केस सोडले की व्हेरोनिका. तांबडे फुगवलेले केस आणि वर छोटीशी फीत लावली की जोसी. हा चेहरा कंपनीचा म्हणून जगभर ओळखला जातो, आणि तो काढायला कंपनीतल्या बाकीच्या चित्रकारांना शिकावं लागलं ते डीकार्लोंच्या पानांवरून.

कंपनी

कंपनी १९३९ची. मॉरिस कॉइन, लुईस सिल्बरक्लाइट आणि जॉन गोल्डवॉटर या तिघांच्या पहिल्या नावांची आद्याक्षरं जोडून नाव ठेवलं एमएलजे. सुपरमॅन नुकताच तुफान चालला होता, तेव्हा यांनीही मुखवटेवाले वीर काढले. त्यांचा ‘शील्ड’ जानेवारी १९४०च्या ‘पेप कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकात आला. अमेरिकेचा झेंडा अंगावर लेवून फिरणारा कॉमिक्समधला पहिला वीर तो. कॅप्टन अमेरिका त्याच्यानंतर वर्षभरानं आला. आज शील्ड कुणाच्या लक्षात आहे? त्याच ‘पेप’च्या बाविसाव्या अंकात, डिसेंबर १९४१ला, सहा पानांची एक भरती आली. लाल केसांचा, पुढचा दात दाखवत हसणारा एक शाळकरी पोरगा. लेखन व्हिक ब्लूमचं, चित्रं बॉब मोंटानाची. वर्षभरात त्या पोराचं स्वतंत्र पुस्तक निघालं, १९४३ साली तो रेडिओवर गेला, १९४६ साली वर्तमानपत्रांत त्याची चित्रपट्टी सुरू झाली आणि त्याच वर्षी कंपनीनं आपलं नाव टाकून त्याचं लावलं. याच कंपनीनं आर्चीच्या तीन महिने आधी विल्बर नावाचा जवळपास तसाच एक पोरगा छापला होता. तोही बरीच वर्षं चालला, पण कंपनीला त्याचं नाव लावावंसं वाटलं नाही.

युद्ध संपल्यावर वीरांचा बाजार बसला आणि टीन ह्यूमरचा, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या प्रेमाच्या गमतीजमतींचा, उठला. मुली मोठ्या संख्येनं कॉमिक्स घेत होत्या तो हा काळ. पुढे मार्व्हल झालेल्या टाइमली कंपनीनं पॅट्सी वॉकर आणि मिली द मॉडेल काढल्या, डीसीनं बझी आणि ज्युडी काढली. १९५४ साली कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, भयकथा आणि गुन्हेकथा छापणाऱ्यांची पळापळ झाली आणि प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता बांधून घेतली. त्यासाठी स्थापन झालेल्या संघटनेचं अध्यक्षपद जॉन गोल्डवॉटर यांनी पुढे वर्षानुवर्षं सांभाळलं. ज्याच्या दुकानात दारू नाहीच त्यानं दारूबंदी समितीचा अध्यक्ष व्हावं, तसाच हा प्रकार. कुणाचं नुकसान झालं असेल ते असो, आर्चीचं झालं नाही. आईबापांनी बिनघोर हातात द्यावं असं कॉमिक ही कंपनीची ओळख झाली ती तेव्हापासून.

चित्रकार

डीकार्लो न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलचे, जन्म १२ डिसेंबर १९१९चा. कलाशिक्षण आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये, मग लष्करात भरती. इंग्लंडमधल्या तळावर ते नकाशे-आराखडे काढत, विमानांच्या नाकाडांवर चित्रं रंगवत. युरोपातलं युद्ध शेवटाला आलं असताना बेल्जियममध्ये मित्रांनी जुळवलेल्या एका भेटीत त्यांची गाठ जोसी ड्यूमाँ या फ्रेंच मुलीशी पडली. तिला इंग्रजी येत नव्हतं, यांना फ्रेंच येत नव्हतं. चित्रं काढून गप्पा चालायच्या असं दोघंही पुढे सांगत. लग्न झालं. जुळे मुलगे झाले, डॅन ज्युनियर आणि जेम्स. ही दोन नावं ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

१९४७ साली ते संपादक-लेखक स्टॅन लींच्या हाताखाली टाइमलीत लागले आणि १९४९पासून तब्बल दहा वर्षं त्यांनी ‘मिली द मॉडेल’ काढली. फॅशन, कुरघोड्या, फजिती, हे सगळं तिथे घोटून घोटून बसलं. तिथल्या बऱ्याच गोष्टींवर लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव असायचं, कारण स्टॅन ली स्वतःचं नाव घातल्याशिवाय पान सोडत नसत आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्याचंही जायचं. आर्चीच्या पानांवर अशी सोय नव्हती. गोष्ट संपली की संपली, कुणी लिहिली, कुणी काढली हे वाचकानं विचारायचं नाही.

१९५७ साली टाइमलीच्या, म्हणजे तेव्हाच्या ॲटलसच्या, पायाखालची जमीन सरकली. त्यांची मासिकं स्टॉलपर्यंत पोचवणाऱ्या अमेरिकन न्यूज कंपनीनं घाऊक धंदा गुंडाळला, आणि नव्या वितरकानं महिन्याला आठ शीर्षकांची मर्यादा घातली. ‘मिली’ वाचली, पण फुटकळ कामावर जगणाऱ्या चित्रकारांनी दुसरीकडे दारं ठोठावायला सुरुवात केली. डीकार्लोंचं आर्चीकडचं काम याच सुमारास वाढलं. त्यांनी सांगितलेली एक हकीकत मला आवडते. सुरुवातीला त्यांना मोंटानासारखं काढा असं सांगण्यात आलं. ते काही त्यांना मानवलं नाही. मग संपादक हॅरी शॉर्टन यांनी सांगितलं, तुमच्या पद्धतीनं काढा. त्यांनी काढलं, ते चाललं, आणि काही वर्षांनी बाकीच्यांना सांगणं सुरू झालं की डीकार्लोसारखं काढा.

आता हिशेब बघा. ते नोकर नव्हते. महिन्याचा पगार नव्हता. पानामागे ठरलेला दर, पान दिलं की चेक. आपल्याकडे मासिकांत चित्रं काढणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही.

जोसीचा जन्म

या प्रकरणाचा कणा इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

जोसी आर्ची कंपनीनं मागवलेली नव्हती. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला डीकार्लोंना वर्तमानपत्री पट्टी हवी होती. कॉमिक बुकवाल्यांच्या नजरेत पट्टीवाला म्हणजे बढती मिळालेला माणूस; नाव छापलं जायचं, पैसा बरा असायचा, समाजात सांगता यायचं. त्यांनी घरच्याच जोसीवरून एक मुलगी बेतली. बायको एके दिवशी नव्या धाटणीनं केस करून, वर फीत लावून आली, आणि यांना पात्र सापडलं. पट्टीचे नमुने त्यांनी वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या एका सिंडिकेटला दाखवले. त्याच वेळी स्टॅन लींबरोबर केलेली ‘विली लंपकिन’ ही एका पोस्टमनची पट्टीही तिथे होती. सिंडिकेटनं पोस्टमन घेतला. ती पट्टी १९६० ते १९६१ एवढीच चालली. डीकार्लोंनी जोसी पुन्हा पुढे केली, पुन्हा नकार आला.

मग त्यांनी ते कागद आर्चीच्या कचेरीत नेले आणि रिचर्ड गोल्डवॉटर यांना दाखवले. रिचर्ड म्हणजे जॉन गोल्डवॉटर यांचे चिरंजीव. मुलानं वडिलांना दाखवलं आणि एक-दोन दिवसांत होकार आला. १९६२-६३च्या हिवाळ्यात आर्चीच्या एका अंकात तिची झलक दिसली आणि फेब्रुवारी १९६३च्या तारखेनं ‘शीज जोसी’चा पहिला अंक बाजारात आला. संहिता बहुतेक फ्रँक डॉइल यांच्या, चित्रं अर्थातच डीकार्लोंची.

या दोन दिवसांत काय ठरलं? सगळा खटला या एका प्रश्नावर उभा आहे. जे ठरलं ते तोंडी ठरलं. जोसीचे कॉमिक छापण्याची परवानगी दिली, की जोसीच देऊन टाकली, हे लिहिलेला कागद कुणाकडेच नव्हता. १९०९च्या अमेरिकी कायद्याखाली, एखादं काम प्रकाशकाच्या सांगण्यावरून आणि त्याच्या खर्चानं झालं असेल तर ते प्रकाशकाचं धरलं जाई. आर्ची, बेट्टी, व्हेरोनिका यांच्या पानांपुरतं डीकार्लोंना भांडायला वावच नव्हता. पात्रं कंपनीची, सांगितलं म्हणून काढलं. जोसीचं तसं नव्हतं. ती कंपनीच्या दारात येण्याआधी तयार होती, दोनदा नाकारलीही गेली होती. वर्गात इथे मुलं सरसावून बसतात. केस मजबूत आहे असं त्यांना वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं.

मांजरीचे कान

पहिली सहा वर्षं जोसी मध्यम चालीनं चालली. सोनेरी केसांची भोळी मेलडी, चष्मेवाली फटकळ पेपर, श्रीमंत घरची अलेक्झांड्रा आणि तिचा भाऊ, नेहमीचाच मसाला. १९६५च्या अखेरीला नावातला ‘शीज’ गळला.

मग १९६८ साली सीबीएस या टीव्ही वाहिनीवर आर्चीचं कार्टून आलं. त्यात पोरांचा एक बँड दाखवला होता आणि त्या कागदी बँडचं ‘शुगर, शुगर’ हे गाणं १९६९ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर चार आठवडे बसून राहिलं. गाणारा रॉन डँटे खराखुरा, बँड चितारलेला. त्याच वर्षी ‘आर्ची’ या मूळ मासिकाचा सरासरी खप अंकामागे ५,१५,३५६ प्रती होता. सुपरमॅनलाही त्यानं मागे टाकलं. टपालाची सवलत घेणाऱ्या मासिकांना हे आकडे छापावेच लागत, म्हणून आज आपल्याला ते इतके नेमके मिळतात.

असं सोनं हाती लागल्यावर दुसरी खाण शोधणं ओघानं आलं. डिसेंबर १९६९च्या पंचेचाळिसाव्या अंकापासून मासिकाचं नाव झालं ‘जोसी अँड द पुसीकॅट्स’. पेपर गेली, व्हॅलरी आली, आणि तिघींच्या अंगावर बिबट्याच्या ठिपक्यांचा वेश नि डोक्यावर मांजरीचे कान चढले. हा वेशही घरातूनच आलेला. कॅरिबियन समुद्रातल्या एका जहाजसफरीत जोसीबाईंनी मांजरीचा वेश केला होता, नवऱ्यानं तो लक्षात ठेवला. सप्टेंबर १९७०मध्ये हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीनं काढलेली मालिका सीबीएसवर आली. सोळा भागच झाले, पण व्हॅलरीमुळे तिला इतिहासात जागा आहे. शनिवार सकाळच्या कार्टूनमध्ये नियमित दिसणारी ती पहिली कृष्णवर्णीय मुलगी. तिच्यासाठी गाणारी पॅट्रिस हॉलोवे हिला बदलून गोरी गायिका घ्या असा दबाव आला तेव्हा संगीत करणारे डॅनी जॅन्सन अडून बसले आणि अखेर तिला ठेवावं लागलं. हे विषयांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९७२ साली त्या तिघींना अंतराळातही पाठवून झालं. बाहुल्या, खेळणी, पुनःप्रक्षेपण, सगळं यथासांग. डीकार्लोंचा संबंध होता तो पानापुरता. १९७३पासून कंपनीनं खिशात मावतील अशी डायजेस्ट काढून ती किराणा बाजारात पैसे देण्याच्या खिडकीशी लावायला सुरुवात केली. मासिकांचे स्टॉल झपाट्यानं बंद होत होते तेव्हा या एका युक्तीनं आर्ची तगला. डायजेस्टमध्ये जुन्याच गोष्टी पुन्हा छापायच्या, नव्याचा खर्च नाममात्र. पुनर्मुद्रणाचे वेगळे पैसे चित्रकाराला द्यायची रीत तेव्हा या धंद्यात बहुतेक ठिकाणी नव्हती. आपल्याकडच्या लायब्ररीत यायची ती हीच पुस्तकं. आपण नव्वद साली वाचून हसलो ती कित्येक पानं साठच्या दशकात एकदाच चेक देऊन संपवलेली होती.

सदतीस वर्षं

जोसी छापली गेली १९६३ साली. दावा लागला २००० साली. मधली वर्षं मोजा, आणि मग विचारा की हा माणूस गप्प का बसला.

एक उत्तर सोपं आहे. महिन्याचं काम ज्याच्याकडून येतं त्याच्याशी कोण भांडतो? फुटकळ चित्रकाराला काढून टाकायला नोटीस लागत नाही, फक्त फोन करायचा थांबायचा. दुसरं उत्तर मी मघाशी दोन नावं लक्षात ठेवायला सांगितली त्यात आहे. डॅन ज्युनियर आणि जेम्स हे दोघंही आर्चीसाठीच चित्रं काढत होते. एका घरातले तीन हात, तिन्ही एकाच दुकानाच्या चुलीवर शेकणारे. १९७० साली डीकार्लोंनी मालिकेच्या पैशातला वाटा मागितला असता तर पणाला काय लागलं असतं ते उघड आहे. दोन्ही मुलगे वडिलांच्या आधी गेले. दावा लागला तो त्यानंतर. याचा एकमेकांशी संबंध आहे असं डीकार्लो म्हणाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. हा माझा तर्क आहे, पण मला तो सोडवत नाही.

तिसरं उत्तर जरा कडू आहे. त्यांना आर्चीचं काम आवडत होतं. माणूस आवडीचं काम करत असला की हिशेबाची वही उघडायचा कंटाळा करतो. माझं स्वतःचंच सांगतो. एका मुलांच्या मासिकासाठी मी एक खारूताई काढायचो. दोन वर्षांनी ती शाळेच्या वह्यांच्या कव्हरवर दिसली. विचारायला गेलो तर त्यांनी माझ्याच सहीची पावती पुढे केली, ‘पूर्ण मोबदला पोचला’. कशाचा मोबदला ते त्यात नव्हतं. चहा पिऊन परत आलो. पुढच्या महिन्यात पुन्हा खारूताई काढून दिली.

निकाल

न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी जानेवारी २००१मध्ये निकाल कंपनीच्या बाजूनं दिला. गाभ्यातली गोष्ट अशी. जोसी मुळात कुणी निर्माण केली या प्रश्नावर डीकार्लोंना जिंकू दिलं तरी उपयोग नव्हता, कारण इंग्रजी कायद्याच्या परंपरेत एक जुनं तत्त्व आहे. आपल्या हक्काच्या वस्तूवर दुसरा माणूस उघडपणे, वर्षानुवर्षं, खर्च करून धंदा उभा करतोय हे दिसत असताना जो बोलत नाही, उलट त्यात हातभार लावतो, त्याला पुढे उठून ‘हे माझं’ म्हणता येत नाही. आपल्या पुरावा कायद्यातही हे तत्त्व आहे, वकील त्याला विबंध म्हणतात. डीकार्लोंनी नुसतं पाहिलं नव्हतं. ‘आर्ची कॉमिक पब्लिकेशन्स’ अशी मालकीची ओळ ज्या अंकांवर छापलेली होती ते अंक त्यांनीच काढलेले होते. मालिका त्यांनी पाहिली होती. भर म्हणून, अमेरिकेत कॉपीराइटच्या मालकीचा वाद तो दिसल्यापासून तीन वर्षांत कोर्टात न्यावा लागतो. इथे तर पिढी उलटली होती.

म्हणजे मुलांना जी केस मजबूत वाटते ती मजबूत होतीच. फक्त तिची मुदत संपली होती. ‘शीज जोसी’चा पहिला अंक निघाला तेव्हा एका कागदावर चार ओळी असत्या, किंवा मालिका आली तेव्हा एक निषेधाचं पत्र टपालात पडलं असतं, तर निकाल कसा लागला असता सांगता येत नाही. निदान प्रश्न तरी जिवंत राहिला असता.

अपिलातही त्याच वर्षी निकाल कायम झाला.

सिनेमा एप्रिल २००१मध्ये आला आणि साफ आपटला. खर्च ३.९ कोटी डॉलरच्या आसपास, गल्ला दीड कोटीच्या आत. ज्या वाट्यासाठी म्हाताऱ्यानं चार दशकांचं नातं तोडलं त्या वाट्यात फारसं काही पडलंच नसतं. पुढे तो सिनेमा बऱ्याच जणांचा लाडका झाला, पण लाडावर कुणाला चेक मिळत नाही.

दुसरीकडे काय झालं

वर्गात हमखास सुपरमॅन निघतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली सगळे हक्क १३० डॉलरला लिहून दिले, कागदावर, सहीनिशी. कोर्टात तेही हरत गेले. पण सिनेमाची तयारी चालू असताना, १९७५ साली, नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या दोन चित्रकारांनी वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर अशी काही ओरड केली की सुपरमॅनची मालक असलेल्या वॉर्नर कंपनीला दोघांना वर्षाला २०,००० डॉलरचं निवृत्तिवेतन द्यावं लागलं आणि त्यांची नावं पुन्हा छापावी लागली. कायद्यानं त्यांना काही मिळालं नव्हतं. मोठ्या कंपनीला नाक होतं, ते कापलं जाण्याची भीती होती. आर्ची ही दोन कुटुंबांनी चालवलेली आटोपशीर कंपनी. १९८३ साली संस्थापकांच्या मुलांनी ती शेअर बाजारातून परत घरात आणलेली. तिथे दबाव आणायचा तरी कुणावर?

बॉब मोंटानाचं उदाहरण तर याच घरातलं. बरीच वर्षं कंपनी सांगायची की आर्ची जॉन गोल्डवॉटर यांनी निर्माण केला. मोंटाना १९७५ साली वारले. पुढे पुस्तकांत जी श्रेयओळ येऊ लागली ती मी मुलांना फळ्यावर लिहून देतो. पात्रं निर्माण केली जॉन गोल्डवॉटर यांनी, आणि ‘मूळ आर्ची पात्रांची रूपं’ निर्माण केली बॉब मोंटाना यांनी. पुन्हा वाचा. चित्रकथेतल्या पात्राला रूपाशिवाय दुसरं काय असतं? ही ओळ कुणा वकिलानं घासूनपुसून लिहिलेली आहे हे शाळकरी मुलालाही कळेल. तरी मी म्हणेन की त्या घासाघाशीतून मोंटानाचं नाव छापलं गेलं, जोसीच्या वेळी तेवढीही घासाघीस झाली नाही.

भारतात हे घडलं असतं तर? आपला १९५७चा कॉपीराइट कायदा इथे थोडा वेगळा वागतो. मासिकाच्या मालकाकडे नोकरीत असलेल्या चित्रकारानं मासिकासाठी केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मासिकात छापण्यापुरतंच मालकाचं. बाकी सगळ्या बाबतींत पहिला हक्क चित्रकाराचा. कलम १७मधली ही तरतूद फार कमी चित्रकारांना माहीत असते. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, हे कलम १९. आणि कलम ५७ म्हणतं की हक्क विकून टाकले तरी ‘हे मी केलं’ म्हणण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. अमेरिकेत १९९० साली असा एक कायदा झाला खरा, पण तो भिंतीवर टांगायच्या चित्रांसाठी. कॉमिक्सची पानं त्यात बसत नाहीत.

हे ऐकून वर्गात टाळ्या पडतात. मग मी विचारतो, दिवाळी अंकाला चित्रं दिलीत त्यातल्या कितीजणांनी काही लिहून घेतलं? हात वर होत नाहीत. कायदा चांगला असला तरी तो वाजवायला कुणीतरी उठावं लागतं, आणि पुढच्या दिवाळीला त्याच संपादकांचा फोन यायला हवा असतो.

आर्चीनं दार लावल्यावर डीकार्लो रिकामे बसले नाहीत. सिम्पसन्सची कॉमिक्स काढणाऱ्या बाँगो कंपनीनं त्यांना काम दिलं, पॉल डिनी या लेखकानं आपल्या पुस्तकासाठी बोलावलं. तरुण चित्रकारांच्या लेखी ते देवासारखे होते, हे त्यांना बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं असावं. डिसेंबर २००१मध्ये न्यू रोशेललाच ते वारले. पुढच्या वर्षी कॉमिक्सच्या क्षेत्रातल्या सर्वांत मानाच्या आयस्नर पुरस्कारांच्या गौरवयादीत त्यांचं नाव गेलं. जोसीबाई २०१२पर्यंत होत्या.

२०१० साली आयडीडब्ल्यू या प्रकाशकानं आर्ची कंपनीकडून रीतसर परवानगी घेऊन जुन्या गोष्टींचा एक देखणा संग्रह काढला. कागद उत्तम, छपाई स्वच्छ. ज्या पानांवर एके काळी कुणाचंच नाव नसायचं त्यातली निवडक पानं त्यात आहेत आणि चित्रकाराचं नाव थेट शीर्षकात आहे, ‘द बेस्ट ऑफ डॅन डीकार्लो’. वर्गात तो फिरवताना मी मुलांना आधी मुखपृष्ठ दाखवतो. मग पान उलटून प्रताधिकाराची बारीक ओळ वाचायला सांगतो. तिथे कुणाचं नाव आहे हे ती वाचायच्या आधीच सांगतात.